‘त्यानंतर खडी पसरण्यात आली’



आज एकाच वाक्याबद्दल लिहायचं आहे. रेल्वेमार्गाच्या बांधणीवरचा एखादा प्रबंध, प्रकल्प-अहवाल किंवा पाठ्यपुस्तकातला धडा उघडा. थोड्याफार फरकानं हे वाक्य सापडतंच: ‘त्यानंतर तयार भरावावर ३०० मिलिमीटर जाडीची खडी पसरण्यात आली.’ व्याकरण बरोबर, आकडाही बरोबर. पण संशोधनाच्या दृष्टीनं हे वाक्य जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि वाचताना ते आपल्या लक्षातही येत नाही. माझा आक्षेप तिथे आहे.

दुसऱ्यांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये हेच वाक्य होतं. सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी विचारलं, "कोणी पसरली?" मी हसलो. वाटलं, सर गंमत करताहेत. मग त्यांनी पुढचं विचारलं: कशानं पसरली, एका थरात की दोन, तेव्हा खालचा भराव ओला होता की कोरडा? माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्या दिवशी मला कळलं, की माझ्या संशोधनाचा विषय त्या एका वाक्यात गाडला गेला होता आणि मीच तो गाडला होता.

पेट पास होऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. विषय रेल्वेचा नसला तरी चालेल.

आधी खडीचं काम समजून घेऊ

रुळाखाली स्लीपर, स्लीपरखाली खडी, खडीखाली ब्लँकेट म्हणजे निवडक मातीचा थर, आणि त्याखाली भराव. गाडीचं वजन या क्रमानं जमिनीत उतरतं. खडी तीन कामं करते: वजन पसरवते, पाणी निचरू देते आणि स्लीपरला जागचं हलू देत नाही. ब्रॉडगेजचा काँक्रीट स्लीपर साधारण २८५ किलोचा असतो आणि किलोमीटरला असे १६६० स्लीपर बसवतात. त्यांच्याखाली, त्यांच्यामध्ये आणि दोन्ही कडांना मिळून दर मीटरला साधारण २ घनमीटर खडी लागते. आपल्याकडे खडी ब्रासमध्ये मोजतात. १०० घनफुटांचा एक ब्रास धरला तर किलोमीटरला सातशेच्या आसपास ब्रास होतात.

आता हा आकडा आपल्या जिल्ह्याला लावून बघा. अंबाजोगाई शहराला रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायची तर तालुक्यातलं घाटनांदूर गाठा, नाहीतर परळी. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा नवा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. नगरहून आष्टीपर्यंत गाडी धावायला २३ सप्टेंबर २०२२ उजाडलं. बीडपर्यंत गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. परळीपर्यंतचा टप्पा बाकी आहे. या मार्गाला मीटरला २ घनमीटरच्या हिशेबानं सव्वापाच लाख घनमीटर खडी लागते. १० घनमीटरचा टिप्पर धरला तर बावन्न हजार खेपा. यात स्टेशनांतल्या जादा मार्गिका धरलेल्याच नाहीत.

बावन्न हजार खेपांचं काम आपण एका वाक्यात उरकतो, आणि त्या वाक्याला कर्ताही नसतो.

पसरतात म्हणजे नक्की काय करतात

नव्या मार्गावर खडी एकदाच पसरून होत नाही. ढोबळ मानानं तीन टप्पे असतात आणि प्रत्येकात बिघडण्याच्या जागा वेगळ्या आहेत.

पहिला टप्पा रूळ टाकण्याआधीचा. टिप्पर भरावावरून येतात, ठरावीक अंतरावर ढीग टाकतात. मग ग्रेडर किंवा जेसीबी ते ढीग सपाट करतो आणि वरून रोलर फिरतो. या तळाच्या थरावर स्लीपर ठेवून रूळ जोडले जातात.

इथे दोन गोष्टी घडतात. एक, ढीग टाकताना दगड आपोआप निवडले जातात. मोंढ्यात भुईमुगाच्या शेंगा ओतताना पाहिल्या असतील. मोठ्या शेंगा घरंगळत कडेला जातात, माती आणि बारीक कचरा मधे राहतो. खडीचंही तसंच. मोठे दगड ढिगाच्या पायथ्याशी, बारीक मधोमध. नंतर जेसीबीनं ढीग ओढून सपाट केला तरी ही विभागणी पुरती मोडत नाही. वरून पृष्ठभाग एकसारखा दिसतो, आत मात्र दर काही मीटरला मिश्रण बदललेलं असू शकतं.

दुसरी गोष्ट टिप्परच्या चाकांची. भरलेला टिप्पर ओल्या भरावावरून गेला की चाकोरी पडते. तिच्यावर खडी पडली की चाकोरी दिसेनाशी होते, पण जात नाही. पावसाळ्यात पाणी खडीतून खाली उतरतं आणि बाहेर वाहून जाण्याऐवजी त्या खळग्यात साचतं. आपल्याकडची काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात भेगाळते. मऊ झालेल्या मातीत वरच्या वजनानं खडी रुतते, खळगा खोल होतो आणि चिखल वर येऊ लागतो. मग वरून आणखी खडी टाकतात, तीही रुतते. ज्याच्या शेतात पावसाळ्यात ट्रॅक्टर फसलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. खडी आणि काळी माती यांच्यामध्ये ब्लँकेटचा थर देतात तो यासाठीच. पण खडी पसरताना तोच थर चाकांखाली मोडला, तर तो देऊनही उपयोग काय?

दुसरा टप्पा रूळ जोडल्यानंतरचा. आता खडी रेल्वेनंच येते, खालून उघडणाऱ्या हॉपर वॅगनमधून. गाडी चालण्याच्या वेगानं सरकते आणि माणसं वॅगनचे दरवाजे उघड-बंद करत जातात. कुठे किती खडी पडेल हे गाडीच्या वेगावर आणि दरवाजा उघडणाऱ्या हातावर ठरतं.

तिसरा टप्पा मार्ग उचलण्याचा. टॅम्पिंग मशीन रूळ स्लीपरसकट थोडा उचलतं, पोलादी बोटं खडीत खुपसतं, सेकंदाला ३५ च्या आसपास कंपनं देत खडी स्लीपरखाली दाबतं. एकदम पूर्ण उंची गाठत नाहीत, थोडं थोडं उचलतात. मग रेग्युलेटर यंत्र कडेची खडी ओढून आकार देतं. यंत्रं येण्याआधी हेच काम गँगमन फावडं, दाताळं, पहार आणि बीटर घेऊन करायचे. यंत्र पोचत नाही तिथे आजही करतात.

टॅम्पिंगनं रूळ समपातळीत येतो, पण खडी हलवल्यामुळे स्लीपरला आडवं धरून ठेवण्याची तिची ताकद तात्पुरती कमी होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय होतो ते पाहा. ६० किलो वजनाच्या प्रकारचा लांब जोडलेला रूळ त्याच्या तणावमुक्त तापमानापेक्षा १ अंशानं तापला तर त्यात साधारण १.८ टन दाब तयार होतो. २० अंशांनी तापला तर एका रुळात ३६ टन, दोन रुळांत ७२. हा दाब रूळ वाकवायला बघतो. त्याला आडवी येते ती स्लीपरमधली आणि कडेची खडी. म्हणून नव्या किंवा नुकत्याच हलवलेल्या मार्गावर आधी वेगमर्यादा लावतात आणि ती टप्प्याटप्प्यानं उठवतात. कडेला एखादं घमेलं खडी कमी पडली की जास्त, हा प्रश्न किरकोळ वाटतो. तो गाडी रुळावर राहण्याचा प्रश्न आहे.

आपली कागदपत्रं काय करतात

पसरण्याच्या कामात इतकं काही दडलेलं असताना आपण ज्यांच्या आधारावर शिकतो ते तीन प्रकारचे कागद त्याचं काय करतात?

पहिला कागद म्हणजे छेदचित्र. परीक्षेत आपण सगळ्यांनीच ते काढलंय. समलंब आकार, आत स्लीपर, खाली बाण काढून ‘३०० मिमी’. हल्ली ३५०. चित्र उपयोगाचं आहे, पण त्यात काळ नाही. काम संपल्यावर मार्ग कसा दिसावा एवढंच ते सांगतं. तिथपर्यंत कसं पोचायचं, यावर ते गप्प आहे. आणि ३०० मिलिमीटर कधीचे? रोलर फिरण्याआधीचे, टॅम्पिंगनंतरचे की एक पावसाळा सरल्यावरचे? सैल ढिगात साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के पोकळी असते. खडी दबत जाते, जाडी बदलत जाते. बदलणारी गोष्ट स्थिर आकड्यात लिहिली की ती आपल्याला स्थिरच वाटू लागते.

दुसरा कागद मानकाचा. लखनौच्या आरडीएसओचं ‘आयआरएस-जीई-१’ हे रेल्वेच्या खडीचं मानक तुम्ही मुळातून वाचावंच. यंत्रानं फोडलेल्या खडीसाठी नियम नेमके आहेत. ६५ मिमीच्या चाळणीवर जास्तीत जास्त ५ टक्के राहावी, ४० मिमीवर ४० ते ६० टक्के, २० मिमीवर किमान ९८ टक्के. झिजेचं मूल्य ३० टक्क्यांच्या आत, आघाताचं २० च्या आत, पाणी शोषणं १ टक्क्याच्या आत. आपल्या भागासाठी हे फार कामाचं आहे. सगळ्याला आपण ‘काळा दगड’ म्हणतो, पण एकाच खाणीत टणक बेसाल्ट आणि पोकळ्या-पोकळ्यांचा जाळीदार बेसाल्ट एकावर एक असू शकतात. दुसरा प्रकार पाणी जास्त पितो आणि लवकर फुटतो. या चाचण्यांत तो पकडला जातो.

पण या चाचण्या खडी ढिगात असताना होतात. पैसेही ढिगाच्या किंवा वॅगनच्या पूर्ण मापावर देतात, पोकळीची वजावट न करता. म्हणजे मानक संपतं तिथून पसरणं सुरू होतं. पत्रिका जुळली, संसार कसा झाला ते पत्रिकेला माहीत नाही. मानकाची ही चूक नाही. खरेदी चोख व्हावी यासाठी ते लिहिलंय आणि तेवढं काम ते नीट करतं. चूक आपली, की प्रबंधात ‘खडी मानकानुसार होती’ असं लिहून आपण मोकळे होतो. ढिगातली खडी मानकानुसार होती. स्लीपरखालची कशी आहे, ते कोणी पाहिलं?

तिसरा कागद म्हणजे शोधनिबंध. अमेरिकेत प्रा. टॅल्बॉट यांच्या समितीनं १९१८ पासून रेल्वेमार्गातल्या ताणांवर अहवाल काढले. त्यांचं सूत्र आजही शिकवतात. त्यात खडीची खोली ‘एच’ या एका अक्षरात मावते आणि दाब त्या खोलीच्या १.२५ घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. गणित करून बघा: ३०० च्या जागी २५० मिमी खडी भरली गेली तर खालच्या मातीवरचा दाब सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो. ५० मिमीचा फरक पसरताना सहज पडू शकतो. म्हणजे पसरणं किती महत्त्वाचं आहे हे सूत्रच ओरडून सांगतंय, पण पसरण्यासाठी सूत्रात जागा नाही. टॅल्बॉट यांना दोष देत नाही. त्यांच्यासमोर प्रश्न वेगळा होता.

आजच्या संगणकीय प्रतिमानांबद्दल मात्र मी थोडा कडक बोलेन. त्यांत दगडाचा एकेक दाणा वेगळा मोजतात, त्याचे कोपरेसुद्धा. काम थक्क करणारं असतं. पण सुरुवातीची मांडणी बघा. दाणे वरून पेटीत पावसासारखे सोडतात, थोडं हलवतात, मग वजन देतात. प्रत्यक्षात कोणताच टिप्पर पावसासारखी खडी टाकत नाही. दाण्याचा कोपरा अचूक आणि दाणा तिथे पोचला कसा, ते मनानं ठरवलेलं. ही मांडणी सोयीची आहे, तर तसं सांगून वापरावी. निष्कर्षात मात्र ‘प्रत्यक्ष मार्गावर असंच घडतं’ असं लिहिणं हा आपल्या कामावर केलेला अन्याय आहे.

ज्यांनी हा प्रश्न विचारला

नुसती टीका करून थांबलो तर तुम्ही म्हणाल, मग करायचं काय? दोन चांगले नमुने सांगतो.

पहिला नमुना संशोधकांचा नाही, कामगारांचा. ‘मेजर्ड शॉव्हेल पॅकिंग’ ही जुनी पद्धत फ्रान्समधून आली आणि भारतीय रेल्वेतही वापरली गेली. स्लीपर किती खचलाय आणि त्याखाली किती पोकळी आहे ते आधी मोजायचं. मग स्लीपर उचलून नेमकी तेवढीच बारीक खडी फावड्यानं खाली पसरायची. गोळा बसवलेल्या काठीनं स्लीपरवर ठोकून आवाजावरून पोकळी ओळखायची. इथे पसरणं हीच मोजण्याची गोष्ट आहे. प्रयोगशाळेनं जे सोडून दिलं, ते फावड्यानं मोजलं.

दुसरा नमुना सेलिग आणि वॉटर्स यांच्या १९९४ च्या ग्रंथाचा. खडीत भरणारी घाण कुठून येते, हा त्यांचा साधा प्रश्न. सगळ्यांना वाटायचं, खालून चिखल येतो. त्यांनी उत्तर अमेरिकेतले नमुने तपासले, तेव्हा सरासरी तीन चतुर्थांशाच्या आसपास घाण खडीच्याच भुग्याची निघाली. याचा अर्थ आपल्याकडेही तसंच आहे, असा नाही. काळ्या मातीच्या प्रदेशात उत्तर वेगळं येऊ शकतं. पण त्यांनी खडीला वस्तू न मानता तिचा इतिहास विचारला. ती कुठे फुटली, कशानं फुटली, किती वेळा हलवली गेली. शिकण्यासारखं आहे ते हे.

कर्ता गेला की काय जातं

आता थोडं भाषेबद्दल. ‘पसरण्यात आली’, ‘करण्यात आले’, ‘आढळून आले’. ही कर्मणी रचना आपल्याला शास्त्रीय वाटते. ‘मी’ लिहिलं की हलकं वाटतं. पण कर्ता काढला की त्याच्याबरोबर साधन जातं, क्रम जातो, वेळ जाते. ‘खडी पसरण्यात आली’ या वाक्याला तुम्ही ‘कशी?’ असं विचारूच शकत नाही, कारण ती पसरणारं कोणी उरलेलंच नाही.

आणि माणूसही जातो. आपल्या भागात ‘खडी’ म्हटलं की जुन्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. गावंच्या गावं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, सुकडी खाऊन. घरात कोणी आजी असेल तर विचारा. कोणत्या दगडाला कुठे घाव घातला की तो फुटतो, कोणता नुसता भुगा होतो, हे तिला हातानं माहीत असतं. आघात मूल्याची चाचणी वेगळं काय मोजते? फोडणाऱ्या, वाहणाऱ्या, पसरणाऱ्या माणसांचं हे ज्ञान आपल्या संदर्भयादीत येत नाही, कारण आपल्या वाक्यातच ती माणसं नाहीत. मी हे भावनेच्या भरात म्हणत नाहीये. दरवाजा कुठे लवकर बंद होतो, ढीग कुठे मोठा पडतो, पावसानंतर कुठे टिप्पर फसला होता, हे ज्या मुकादमाला माहीत आहे तो तुमच्या संशोधनातला माहितीचा स्रोत आहे. त्याला न विचारणं ही पद्धतीतली त्रुटी आहे.

तर तुम्ही काय करायचं

तुमच्या सिनॉप्सिसमधली ‘-ण्यात आले’ वाली सगळी वाक्यं अधोरेखित करा. प्रत्येकाला विचारा: कोणी, कशानं, कोणत्या क्रमानं, कोणत्या अवस्थेत आणि मोजलं कधी? चार वाक्यांची उत्तरं तुम्हाला माहीत असतील, ती लिहून टाका. एका वाक्याचं उत्तर माहीत नसेल आणि ते इतर कुठे मिळतही नसेल, तर थांबा. बहुतेक तोच तुमचा विषय आहे.

माझं वाक्य आता असं होऊ पाहतंय. हे आराखड्यातलं आहे, निष्कर्ष नव्हे: ‘रोलर फिरवलेल्या कोरड्या ब्लँकेट थरावर टिप्पर ढीग टाकतील आणि ग्रेडर पहिला थर पसरेल. ढिगाचा मध्य आणि पायथा जिथे होता, त्या दोन्ही जागांवरची खडी मी वेगवेगळी चाळेन. थराची जाडी रोलरआधी, रोलरनंतर आणि टॅम्पिंगनंतर अशी तीनदा मोजेन.’ वाक्य लांबलं आणि रुबाब गेला. पण आता कोणी माझी चूक काढू शकतं. आधीच्या वाक्यात ती सोयच नव्हती.

एक इशाराही देतो. उत्साहाच्या भरात कोणी परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत किंवा कामावर जाऊ नका. विभागातून पत्र घ्या, साइटवरच्या अभियंत्याला भेटा, ते सांगतील तिथेच उभे राहा. नोंदवही न्या. पहिल्या दिवशी काहीच मोजू नका, नुसतं बघा.

नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला होण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त त्याची तपासणी करतात. तोवर तळाचा थर झाकलेला असतो. त्याच्याबद्दल कागदावर जे लिहिलं असेल तेवढंच उरतं. नगर ते बीड तो आता झाकला गेलाय. परळीपर्यंतचा टप्पा पूर्ण व्हायचाय. तीस वर्षं वाट पाहिलेल्या या मार्गाचा तळ बघण्याची संधी आपल्या जिल्ह्यात अजून थोडे दिवस आहे. मी परवानगीचा अर्ज दिलाय. तुम्हीही द्या.